खिळ्यांचा पट्टा आणि गोंड्यांचा

उपरणं आलं ते गाठी मारलेलंच आलं.

मी थोरल्या जावेकडं जुनं फडकं मागितलं होतं. कुत्र्यासाठी ओढायची वेणी करायची होती, दिवाळीची भेट म्हणून. मालकाच्या अंगावरचं, न धुतलेलं कापड आत घातलं की कुत्रं ते खेळणं सोडत नाही, एवढं मला अनुभवानं कळलेलं होतं. म्हणून फोनवर म्हटलं होतं, "आक्का, दादांचं एखादं फाटकं उपरणं धाडा. पण धुऊ नका हां." दादा म्हणजे माझे थोरले दीर. आक्कांनी ते पिशवीत घालून दुधाच्या टेम्पोतून वाडीवरून खाली विंझरला, माझ्या दुकानात पोचतं केलं.

मशीनवर पसरायला घेतलं तर चारी कोपऱ्यांना गाठी. काठालाही गाठी. काहीतरी बांधून ठेवलं असेल, सुपारी, गोळी, म्हणून एक सोडवून बघितली. आत काही नव्हतं. दुसरीतही नव्हतं.

मी परत फोन लावला. "आक्का, ह्या गाठी कसल्या वो?"

"आगं त्या व्हय. इसरू नये म्हणून मारत्यात. एक पाण्याच्या मोटारीची, एक गोळीची. बाकीच्या समद्या पट्ट्याच्या."

"पट्ट्याच्या?"

"कुत्र्याच्या गं. वरीस झालं, दिसभर त्येचा गळा चाचपत्यात. आता ते कुत्रं काय पट्टा घालून घेत न्हाई, तरी चाचपत्यात, आन् गाठ मारत्यात. जाऊ दे. पाडव्याला येपारी यायचाय. शेळ्या गेल्या म्हंजी मिटलं. पोरगं म्हणतंय ते बी खरं हाय, आण्णांच्या डोस्क्यात आता ऱ्हात न्हाई, डोंगरात कुठं वाट चुकून बसले तर कुणी हुडकायचं?"

आण्णा म्हणजे दादाच, त्यांचा मुलगा त्यांना तसं म्हणतो. मी बरं म्हणून फोन ठेवला. दुकानात एक बाई ब्लाऊजच्या गळ्याचं माप द्यायला थांबली होती. तिला म्हटलं, उद्या या.

दादांच्या डोक्यात सगळं राहत होतं. ते काहीही विसरले नव्हते. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी वर्षभर तोंड मिटून बसले होते. ते उपरणं मांडीवर घेऊन मी ठरवलं, हे यंदा वसुबारसेला वाडीवर जाऊन सांगायचं. पाडव्याच्या आत. शेळ्या जायच्या आत. ठरवलं म्हणजे धीर आला होता असं नाही. पण गाठी सोडवताना हात थांबला नाही.

आता नीट पहिल्यापासून सांगते.

मी विंझरला रस्त्याकडेच्या गाळ्यात ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. पानशेतला बंगला असलेल्या एक बाई काही वर्षांपासून माझ्याकडं येतात. शनिवार-रविवारी पुण्याहून आल्या की चक्कर मारतात. त्यांचं एक केसाळ कुत्रं आहे, मांडीवर मावणारं. एकदा त्यांनी त्याचा फाटलेला कापडी ससा आणला. "मावशी, एवढा शिवून द्याल का? हा नसला तर झोपत नाही तो." सशाच्या पोटातला स्पंज बाहेर आला होता. मी स्पंज टाकून दिला, ब्लाऊजच्या चिंध्या ठासून भरल्या आणि दुहेरी टाका घातला. तो ससा टिकला. मग बाई म्हणाल्या, "दिवाळीला ह्याच्यासाठी काहीतरी करा ना. ह्याच्या मित्रांनाही भेटी द्यायच्यात."

त्या गाडीत बसेपर्यंत मी हसू दाबून धरलं. शेजारच्या किराणावाल्या वहिनींनी नाही दाबलं. "काय गं, कुत्र्याचं माप कसं घेतलंस? बाही किती ठेवणार? कोपरापातूर का आखूड मेगा?"

पण काम हाताला लागलं तसं मला ते आवडायला लागलं. जुन्या सुती साडीच्या लांब पट्ट्या फाडायच्या, ओल्या करायच्या आणि शाळेतल्या पोरीची घालतात तशी घट्ट वेणी घालायची. दोन्ही टोकांना गाठ. उन्हात वाळली की ती दगडासारखी होते, मग कुत्र्यानं कितीही ओढू दे. मांजरासाठी अस्तराच्या कापडाचा उंदीर, पोटात मक्याच्या कणसाचं वाळकं पान. पंजा पडला की खुसखुसतं. शेपूट आखूड ठेवायची, कारण मांजर दोरा गिळतं. डोळ्याला बटण लावायचं नाही, रेशमानं टाका घालायचा. खायला नाचणीच्या पिठाच्या चकत्या, उकडलेलं रताळं घालून मळलेल्या, तव्यावर मंद आचेवर खरपूस केलेल्या. मीठ नाही, साखर नाही. आमच्या घरात ह्यांनी चुकून एक खाल्ली आणि म्हणाले, "ह्यात मीठ इसरलीस." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाहीत त्या."

आमच्याकडं बैलाला पोळा असतो, गाईला वसुबारस असते. शेळ्यांमागं डोंगर पालथा घालणाऱ्या कुत्र्याला आणि कणगीपाशी जागणाऱ्या मांजराला कधी कोणी गोडाचं काही केलेलं मी बघितलं नव्हतं. म्हणून बाईंच्या भेटी झाल्यावर उरलेल्या चिंध्यांच्या भेटी करून मी वाडीवर नेऊ लागले. ही आमची वाडी वेल्ह्याच्या अंगाला, वर डोंगराच्या कुशीत आहे. दादा, आक्का आणि त्यांचा मुलगा तिथं राहतात. शेळ्या राखतात. आक्कांच्या मांजरीनं माझा उंदीर पहिल्यांदा हुंगला, त्याच्याकडं पाठ केली आणि ज्या वर्तमानपत्रात तो गुंडाळून नेला होता त्या कागदात जाऊन बसली. आक्का म्हणाल्या, "तिला खरा उंदीर धरायचा कट्टाळा, तुझा खोटा कशाला धरंल?"

कुत्र्यानं मात्र वेणी जी तोंडात धरली ती दिवसभर सोडली नाही. ह्या कुत्र्याला नाव आहे. पण ते मी इथं लिहीत नाही. काळं आहे, छातीवर पांढरा ठिपका, एवढं पुरे.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दादांशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. भांडण म्हणून नव्हे. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. पदर पुढं घ्यायचा आणि जे सांगायचं ते जावेमार्फत. आता खाली गावात हे कोणी पाळत नाही. मीही दुकानात दहा पुरुषांशी बोलते. पण वाडीवर गेले की पदर आपोआप पुढं यायचा. आक्का घरात नसल्या की आमची पंचाईत व्हायची. मग दादांनीच त्यावर वाट काढली. ते कुत्र्याशी बोलायचे.

"आरं, तुज्या चुलतीला इचार, येश्टी लेट झाली व्हय?"

मीही कुत्र्याकडं बघून म्हणायचे, "सांग तुज्या मालकाला, पुलापाशी बंद पडली व्हती."

"च्या घेतला का इचार."

"घेतला म्हणावं."

कुत्रं एकदा दादांकडं, एकदा माझ्याकडं मान फिरवत शेपूट हलवायचं. पुतण्या दारात उभा राहून हसायचा. "आण्णा, त्येला एक मोबाईल घिऊन द्या की. किती दमवताय!" पण खरं सांगते, त्या कुत्र्याच्या तोंडून आम्ही दोघं जितकं बोललो, तितकं माझ्या सख्ख्या भावाशीही मी बोलले नसेन. माझी आई गेली तेव्हा मी वाडीवर नुसती बसून होते. दादा कुत्र्याला म्हणाले होते, "आज तिला काय इचारू नगंस. नुस्ता शेजारी बस." आणि ते बसलं होतं.

ह्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा. जाड चामड्याचा, बाहेरच्या बाजूला लोखंडी खिळ्यांची टोकं. बिबट्या कुत्र्याला गळ्याशी धरतो. पट्टा असला की त्याच्या तोंडात खिळे जातात आणि तो सोडून देतो. दिवसा पट्टा खोपीच्या खुंटीला टांगलेला असायचा. दिवस कलला की दादा तो स्वतःच्या हातानं घालायचे. तो घातल्याशिवाय स्वतः जेवायचे नाहीत.

गेल्या वसुबारसेला पानशेतच्या बाईंनी माझ्याकडून कुत्र्यांसाठी सणाचे पट्टे करून मागितले होते. मी नमुना म्हणून एक केला. जुन्या साडीचा जरीचा काठ, आत कॅनव्हास, बैलाला बांधतात तसले लाल-पिवळे लोकरीचे गोंडे आणि मधोमध एक पितळी घुंगरू. बाई म्हणाल्या, "मोठ्या कुत्र्याच्या गळ्यात घालून फोटो पाठवा ना, मैत्रिणींना दाखवते." मोठं कुत्रं म्हणजे वाडीवरचं. मी ठरवलं, गाय-वासराच्या पूजेला जायचंच आहे, तिथंच फोटो काढू.

पूजा झाली. आक्का आत गवारीच्या भाजीला फोडणी देत होत्या. दादांनी नेहमीसारखा खिळ्यांचा पट्टा कुत्र्याला घातला आणि ते मोटार बंद करायला विहिरीकडं गेले. मी कुत्र्याला बोलावलं. माझा पट्टा खिळ्यांच्या पट्ट्याबरोबर बसेना. फोटोत ते खिळे दिसले तर बाई काय म्हणतील, असंही वाटलं. मी खिळ्यांचा पट्टा काढला, खुंटीला टांगला, गोंड्यांचा घातला आणि फोटो काढला. कुत्रं ऐटीत बसलं होतं. अजून एक काढावा म्हणून मी मागं सरकले, तेवढ्यात खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. शेवटची गाडी. मी पिशवी उचलली आणि पळत सुटले.

पट्टा बदलायचं विसरले, असं मी स्वतःला वर्षभर सांगत आले. ते खोटं आहे. गाडीत बसल्यावर पाच-सहा वळणांच्या आतच मला आठवलं होतं. मनात म्हटलं, दादा बघतील की. विंझरला उतरल्यावर फोन करता आला असता. पण फोन केला असता तर आक्का म्हणाल्या असत्या, तुला कुणी सांगितलं व्हतं कुत्र्याचा पट्टा काढायला? सणाच्या दिवशी बोलणी खायची नव्हती मला. मी फोटो बाईंना पाठवला. त्यांनी अंगठे आणि बदाम पाठवले. मी ते बघत बसले.

सकाळी आक्कांचा फोन आला. "धाकले, वाघरानं कुत्र्याला धरलं गं."

मी मिळेल त्या वडापच्या जीपनं निघाले. रस्त्यावर उतरून वाडीची पायवाट चढताना ओढ्याच्या काठाला करवंदीच्या जाळीत मला लाल गोंडा दिसला. पट्टा तुटून अडकला होता. काठ फाटलेला, घुंगरू तसंच. मी इकडंतिकडं बघितलं आणि तो पिशवीत टाकला. जे काही वाईट केलं ते त्या घटकेला केलं. आधीची चूक म्हणता आली असती. ही चूक नव्हती.

कुत्रं जिवंत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी मान शिवली होती, आणि जाताना पुतण्याला एवढंच म्हणाले होते की गळ्यात पट्टा असता तर हे झालं नसतं. खोपीपुढं सगळे उभे होते. खुंटीला खिळ्यांचा पट्टा टांगलेला. दादा त्याच्याकडं बघत होते.

"म्या घातला व्हता," ते म्हणाले.

"घातला असता तर खुटीला कसा आला, आण्णा?" पुतण्या म्हणाला. रागानं नाही. ते जास्त वाईट होतं.

"जेवायच्या आदी परत बघितलं म्या. अंधारात हात घातला, हाताला पट्टा लागला."

"आवो, रोजच्या सवयीनं वाटलं आसंल."

दादांनी हवेतच पट्टा धरल्यासारखी बोटं मिटली. मग म्हणाले, "घुंगरू वाजलं. मानंला हात लावला तसं वाजलं. मला वाटलं गाईचं वाजलं, पर गाय लांब व्हती."

पुतण्यानं आक्कांकडं बघितलं. आक्कांनी खाली बघितलं. कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू! त्या क्षणी दादा घरादाराच्या लेखी म्हातारे झाले. त्यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पट्टा घातला होता, हाताला पट्टा लागला होता, घुंगरू वाजलं होतं. ते घुंगरू माझ्या पिशवीत होतं आणि वाजू नये म्हणून मी पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

पुढं वर्षभर काय झालं ते मी फोनवर ऐकत राहिले. कुत्रं जगलं, पण मान वाकडी राहिली आणि भुंकणं घोगरं झालं. कोणी पट्टा हातात घेतला की दात दाखवायचं. पट्टा नाही म्हणून डोंगरात नेता येत नव्हतं. कुत्रं नाही म्हणून दादा शेळ्या बांधालगतच चारायचे. त्यातच एकदा मोटार चालू राहिली. कोणाचीही राहते. पण आता ती दादांच्या डोक्याच्या खात्यावर गेली. मी गेले की ते कुत्र्याच्या मार्फत बोलत नसत. कुत्रं खोपीत पडून असे, ते स्वतः बाहेर दगडावर. मी पदर पुढं घेऊन आत जायचे. आमच्या चालीरीतीनं माझी चांगलीच सोय केली होती. बोलायचंच नसतं, मग सांगायचं कसं? असं मी मनाला पटवलं होतं. फोटो मी मोबाईलमधून पुसून टाकला होता. ह्यांनाही काही सांगितलं नव्हतं.

आणि मग ते उपरणं आलं.

गाठी सोडवायला मला दुपार गेली. काही बोटांनी सुटल्या, काहींना दाभण घालावं लागलं. सोडवता सोडवता एक गोष्ट ध्यानात आली. नुसतं सांगून भागणार नाही. मी सांगितलं, सगळ्यांना पटलं, तरी कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल तर शेळ्या डोंगरात जाणार नाहीत आणि पुतण्या विकायचंच म्हणेल. मालकाच्या अंगाचा वास असलेली वेणी कुत्रं तोंडात धरतं. तोच वास पट्ट्याला आतून लावला तर?

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी कापूरहोळला गेले. तिथं गॅरेजच्या ओळीत एकजण टेम्पो-ट्रकच्या सीटा शिवतो. त्याच्याकडं मी जुन्या सीटबेल्टची रुंद पट्टी आणि चामड्याचा तुकडा मागितला.

"कशाला पायजे, मावशी?"

"कुत्र्याला."

"कुत्रं गाडी चालवतं का?"

"चालवत नाही. पण बेल्ट लागतो."

तो हसत उठला आणि मी सांगितलं तसं त्यानं केलं. टोकं बाहेर येतील असे चामड्यात आतून खिळे ठोकले आणि त्यांची डोकी झाकायला आतून सीटबेल्टची पट्टी घालून रिबीट ठोकले. मी तिथंच उभी राहून एकेक खिळा ओढून बघितला. "मावशी, हत्तीला घालणारे का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "दोन-चार अजून ठोका."

आतलं अस्तर मी उपरण्याचं केलं. मशीनची सुई दोनदा मोडली, मग दाभणानं हातशिलाई केली. बोटाला फोड आला. उपरण्याचे तीन पदर घडी करून घातले, म्हणजे शिवलेल्या मानेला बोचायला नको. राहिलेल्या कापडाच्या पट्ट्या फाडून वेणी घातली. शिवाय मांजरीचा उंदीर केला, चकत्या भाजल्या. काहीच सोडलं नाही. ह्यांनी विचारलं, "ह्या वर्षी एवढं मनावर घेतलंस?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली चकती खाली ठेवली. मग म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" मी म्हटलं, नको. ते बरोबर आले असते तर मी त्यांच्या तोंडून सांगितलं असतं. तशी सवयच आहे मला.

वसुबारसेला दुपारच्या आतच मी वाडीवर पोचले. दादा दगडावर बसले होते, खांद्यावर नवं उपरणं. त्यालाही गाठी. पुतण्या वैरण रचत होता, आक्का आत होत्या. कुत्रं खोपीच्या उंबऱ्यात पडलेलं. मला बघून त्यानं शेपूट जमिनीवर आपटली.

मी दादांपासून थोडी लांब बसले. पदर पुढं. वेणी कुत्र्यापुढं टाकली. त्यानं हुंगली, परत हुंगली आणि उठून उभं राहिलं. मी घसा खाकरला आणि त्याच्याकडं बघून म्हटलं, "सांग तुज्या मालकाला..."

कुत्र्यानं वेणी तोंडात धरली आणि ते खोपीच्या मागं निघून गेलं.

दादा हसले. कितीतरी दिवसांनी. आता मध्ये कोणी नव्हतं. मी पदर मागं सारला.

"दादा," मी म्हटलं. "तुमी पट्टा इसरला नव्हता. म्या काढला व्हता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून तुटका गोंड्यांचा पट्टा काढला. घुंगरू वाजलं. मी सगळं सांगितलं. फोटो, एसटी, फोन केला नाही ते, करवंदीच्या जाळीतून उचलला ते. मधेच आक्का चहा घेऊन बाहेर आल्या आणि कपबशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

दादांनी पट्टा हातात घेतला. कानाजवळ नेऊन हलवला. मग हाक मारली, "हिकडं ये रं."

पुतण्या आला. "काय?"

"ऐक." त्यांनी परत हलवला. "हेच व्हतं."

पुतण्या पट्ट्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो खाली बसला आणि म्हणाला, "आण्णा."

बोलल्या त्या आक्का. "वरीसभर? वरीसभर माज्या हातचा च्या पीत व्हतीस तू? ह्यो माणूस रोज गाठी मारतूय, आन् तू चिंध्याचं उंदीर शिवत बसलीस?"

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"व्हय म्हणती वर!" त्यांनी कपबशी माझ्यापुढं आपटली नाही. आत परत नेली.

दादांनी खांद्यावरचं उपरणं मांडीवर घेतलं आणि गाठी सोडवायला लागले. बोटं जाड, गाठी बारीक. मी दाभण पुढं केलं, ते त्यांनी घेतलं. एका कोपऱ्यापाशी येऊन थांबले. "ही मोटारीची," म्हणाले. "ही ऱ्हाऊ दे. मोटार मी खरंच इसरतो."

पुतण्या हसला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. मग उठून बाजूला गेला आणि व्यापाऱ्याला फोन लावला. "न्हाई, न्हाई. आवो न्हाई द्यायच्या. भाव न्हाई, द्यायच्याच न्हाईत."

मग मी नवा पट्टा काढला. दादांनी तळहात आतून फिरवला, खिळे बघितले, उपरण्याचं अस्तर ओळखलं. कुत्र्याला हाक मारली. ते वेणी घेऊनच आलं. पट्टा बघितल्यावर त्याच्या नाकावर सुरकुत्या पडल्या, घोगरी गुरगुर आली. दादांनी पट्टा स्वतःच्या मांडीवर पालथा ठेवला, अस्तर वर करून, आणि त्यावर एक चकती ठेवली. मग दुसरी. तिसऱ्या वेळी कुत्र्यानं अस्तरावर नाक घासलं आणि तसंच ठेवलं. त्या दिवशी पट्टा गळ्यात गेला नाही. मी एसटीला निघाले तेव्हा ते पट्ट्यावर हनुवटी टेकून झोपलं होतं. पाडव्याला पुतण्याचा फोन आला, पट्टा घातला म्हणून. शेळ्या आता वर जातात. कुत्रं पुढं जात नाही पूर्वीसारखं, दादांच्या पायापायानं चालतं. तेवढं बास आहे, असं दादांचं म्हणणं.

हे म्हणणं मला त्यांनी स्वतः सांगितलं. आता ते सरळ बोलतात. "धाकले, येश्टीनं आलीस का वडापनं?" मीही सरळ सांगते.

आक्का मात्र माझ्याशी बोलत नाहीत. परवा गेले तर अंगणात कुत्र्याच्या गळ्यापाशी वाकून, पट्ट्याचं बकल तपासत म्हणाल्या, "सांग तुज्या चुलतीला, च्या चुलीवर हाय. हातानं घे म्हणावं."

मी कुत्र्याला म्हटलं, "घेते म्हणावं."

त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. वाकड्या मानेनं जमेल तसं. मी आत जाऊन चहा ओतून घेतला आणि दोन कप भरले. एक अंगणात नेऊन ठेवला. त्यांनी तो घेतला की नाही, मी मागं वळून बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात परत जायचंच आहे. मांजरीला कागद आवडतो हे आता मला कळलंय, तिच्यासाठी आतून कागद भरलेली गादी शिवायला घेतली आहे.